परवाना एक, आवृत्त्या अनेक

अस्सल आणि नक्कल यांतील भेद नाशिक रोडला कोणी शिकवण्याची गरज नाही. १९२५ पासून येथे प्रतिभूती मुद्रणालय आहे, १९२८ पासून चलनी नोटांचा छापखाना आहे, आणि येथील कितीतरी घरांच्या चुली या दोन छापखान्यांच्या पगारावर पेटल्या आहेत. परंतु याच परिसरातील, तसेच सिन्नर, सातपूर व अंबडच्या औद्योगिक वसाहतींतील लहान वर्कशॉपच्या मालकाला आपल्या संगणकावरील आराखड्याचे सॉफ्टवेअर अस्सल की नक्कल, याचे उत्तर छातीठोकपणे देता येत नाही. चोरीची प्रत वापरणाऱ्याचा प्रश्न येथे नाही; तो आपण काय करतो हे जाणतो. प्रश्न आहे तो रीतसर पैसे मोजलेल्या आणि तरीही एकाच संगणकावर दोन-तीन आवृत्त्या ठेवणाऱ्या माणसाचा.

या आवृत्त्या तो हौसेने ठेवत नाही. जॉबवर्क देणारा प्रत्येक कारखाना आपापल्या सोयीच्या आवृत्तीत ड्रॉइंग पाठवतो. ऑटोकॅडची डीडब्ल्यूजी ही फाइलपद्धती २०००, २००४, २००७, २०१०, २०१३ आणि २०१८ च्या आवृत्त्यांबरोबर बदलत गेली. नवी आवृत्ती जुनी फाइल उघडते, जुनीला नवी उघडता येत नाही. सॉलिडवर्क्समध्ये तर मागच्या आवृत्तीत फाइल साठवण्याची सोय २०२४ च्या आवृत्तीत प्रथम आली, आणि तीही दोन आवृत्त्यांपुरतीच. फिटर जसा इंची आणि मिलिमीटर असे पान्यांचे दोन्ही संच बाळगतो, तशीच ही गरज आहे.

संगणकाची त्याला हरकत नसते. हरकत असलीच तर ती करारपत्राची. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील ५२ वे कलम कायदेशीर धारकाला कामापुरती आणि राखीव प्रत काढू देते. पण धारकाचा अधिकार कोठवर, हे ठरवते विक्रेत्याची अट. जुन्या कायमस्वरूपी परवान्यावर सवलतीत नवी आवृत्ती घेतली की जुनी नष्ट करावी, अशी अट अनेकदा असे. ऑटोकॅडच्या अशाच जुन्या प्रतींच्या पुनर्विक्रीवरून अमेरिकेतील अपील न्यायालयाने २०१० साली ग्राहक हा मालक नसून केवळ परवानाधारक असल्याचा निर्णय दिला. उलट, युरोपीय न्यायालयाने २०१२ साली कायमच्या वापरासाठी विकलेल्या प्रतीची पुनर्विक्री मान्य केली. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच तयार सॉफ्टवेअर ही विक्रीकरापुरती ‘वस्तू’ ठरवली होती. म्हणजे कर घेताना जी वस्तू, तीच वापरताना परवाना! ग्राहकाने यातून कोणता बोध घ्यावा?

ऑटोडेस्क कंपनीने २०१६ साली नवे कायमस्वरूपी परवाने देणे बंद केले आणि वर्गणीची पद्धत आणली. या वर्गणीत चालू आवृत्तीबरोबर मागील तीन आवृत्त्याही वापरता येतात. तेव्हा तेवढ्यापुरता आवृत्त्यांचा प्रश्न सुटला, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. परंतु खरेदी केलेले यंत्र बँकेचे हप्ते फिटल्यावर आपले होते. वर्गणीचे हप्ते कधीच फिटत नाहीत. ऑर्डर नसलेल्या मंदीच्या वर्षी वर्गणी थांबली, तर स्वतःच काढलेली जुनी ड्रॉइंग त्या सॉफ्टवेअरमध्ये उघडत नाहीत. शिवाय २०२० पासून अनेकांनी मिळून वापरायचे परवाने मागे घेऊन नावनिशीवार परवाने देण्याचे धोरण आले. पहिल्या पाळीचा ड्राफ्ट्समन घरी गेल्यावर दुसऱ्या पाळीच्या माणसाने त्याच परवान्यावर बसायचे नाही. लेथ मात्र दोन्ही पाळ्यांत चालतो.

सॉफ्टवेअर निर्माण करण्याचा खर्च अवाढव्य आणि पुढची प्रत काढण्याचा जवळजवळ शून्य, हे अर्थशास्त्र येथे लक्षात घेतले पाहिजे. पहिला खर्च भरून यायलाच हवा. म्हणून चोरीचे समर्थन होऊ शकत नाही. १९९४ च्या दुरुस्तीने आलेले ६३-ब कलम जाणूनबुजून चोरीचा प्रोग्राम वापरणाऱ्यास किमान सात दिवसांची कैद आणि पन्नास हजारांचा दंड सांगते. धंद्यासाठी वापर नसेल तरच कैदेतून सूट मिळू शकते. वर्कशॉपला ती सूट नाही. पण शून्य खर्चाची प्रत असताना जुन्या आवृत्तीवर बंधन घालण्याने कोणाचा खर्च वाचतो, हेही कोणीतरी विचारले पाहिजे.

उपाय वर्कशॉपपेक्षा ऑर्डर देणाऱ्यांच्या हाती अधिक आहेत. ‘स्टेप’ ही फाइलपद्धती १९९४ पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे. ती कोणा एका कंपनीची नाही, आणि फ्रीकॅडसारख्या विनामूल्य सॉफ्टवेअरमध्येही उघडते. मोठ्या कारखान्यांनी ड्रॉइंगबरोबर स्टेप फाइल आणि जुन्या पद्धतीतील डीडब्ल्यूजी देण्याचे ठरवले, तर त्यांना चार मिनिटांचे काम पडेल आणि पुरवठादाराची एक वर्गणी वाचेल. खरेदीच्या ऑर्डरमध्ये रंग, गुणवत्ता, पॅकिंग यांची कलमे असतातच. ‘निमा’सारख्या उद्योजक संघटनेने त्यांत हे आणखी एक कलम घालून घेण्यासाठी मोठ्या कारखान्यांशी बोलणी सुरू करावीत.