सदतीस नंबरचा साक्षीदार

मागच्या आठवड्यात मी लिहिलं होतं की फायटिंग गेमच्या नव्या खेळाडूनं आधी महिनाभर उडी मारून अंगावर येणाऱ्याला हवेतच झोडायला शिकावं, कॉम्बोचं, म्हणजे एकाला एक जोडलेल्या फटक्यांचं, मग बघू. अपेक्षेप्रमाणे शिव्या आल्या. त्यांची सवय आहे. पण या वेळी शिव्यांना पुरावा जोडलेला होता, आणि सगळ्यांचा पुरावा एकच: फायटिंग गेमची इव्हो स्पर्धा, २००४, डायगो उमेहारा विरुद्ध जस्टिन वाँग, म्हणजेच जगप्रसिद्ध ‘मोमेंट ३७’. ‘हे बघा आणि मग सांगा, शायनिंग मारून खेळ सुधारतो की नाही!’ एकानं वर पुस्ती जोडली, ‘काका, तुमच्याच काळातलं आहे, झेपेल.’

झेपलं. पुन्हा पाहिलं, आवाज बंद करून पाहिलं. आवाज बंद करणं फार महत्त्वाचं, कारण त्या व्हिडिओतला निम्मा थरार मागच्या पब्लिकच्या किंकाळ्यांचा आहे. आणि माझं म्हणणं असं की हा साक्षीदार तुम्ही तुमच्या बाजूनं उभा केलात खरा, पण साक्ष तो माझ्या बाजूनं देतो.

प्रसंग आठवा. गेम ‘स्ट्रीट फायटर ३ : थर्ड स्ट्राइक’, सामना लूझर्स ब्रॅकेटच्या फायनलचा. डायगोच्या केनची जिवाची पट्टी जवळपास रिकामी. या गेममध्ये साधा ठोसा ब्लॉक केला तर काही जात नाही, पण स्पेशल किंवा सुपर ब्लॉक केला तरी चिमूटभर रक्त जातंच. डायगोकडे ती चिमूटही शिल्लक नव्हती. समोर जस्टिनची चुन-ली, आघाडीवर, निवांत, घड्याळ आपल्या बाजूनं चाललंय हे ओळखून बसलेली. मागून कोणीतरी जस्टिनच्या नावानं ओरडतो आणि जस्टिन सुपर सोडतो. पंधरा लाथांचा सुपर. ब्लॉक केला तर केन मेला. उरली फक्त पॅरी: फटका लागायच्या नेमक्या क्षणी ब्लॉक सोडायचा आणि स्टिकला समोरच्याच्या दिशेनं एक टिचकी द्यायची. गेम सेकंदाचे साठ तुकडे करतो आणि त्यातल्या मोजक्या तुकड्यांतच ही टिचकी बसावी लागते. त्यातही पहिली लाथ डोळ्यांनी बघून अडवू म्हटलं तर उशीर झालेला असतो. ती अंदाजानंच पकडावी लागते. मग लाथांची एक लय, मध्ये अवघड जागी विराम, पुन्हा लय. एक चुकली की खेळ खलास.

आता सांगा, यात शायनिंग कुठे आहे? शायनिंग म्हणजे साधा रस्ता मोकळा असताना देखणा रस्ता धरणं. इथं साधा रस्ता होता कुठे? डायगोनं हातात उरलेली एकमेव गोष्ट केली. ती देखणी निघाली हा प्रेक्षकांचा नफा.

‘मग शेवटची लाथ उडी मारून हवेत का पॅरी केली? ती तर शोबाजी!’ असंही एका पत्रात आहे. नाही हो. हवेत पॅरी केली म्हणूनच त्याला उतरता उतरता लाथ घालता आली, आणि उतरत्या लाथेपासून सुरू झालेला कॉम्बो जास्त जड पडतो. जस्टिनची उरलेली पट्टी एका दमात संपवायची तर तेवढा जड कॉम्बो हवाच होता, नाहीतर पुन्हा तीच रिकामी पट्टी घेऊन उभं राहायचं. ती उडी म्हणजे हिशोब होता, चुकता केलेला. शिवाय हे त्या क्षणी आभाळातून पडलेलं नव्हतं. जपानच्या आर्केडमध्ये चुन-लीचा हा सुपर पॅरी करायचा सराव चालायचा. म्हणजे कंटाळवाणं घोटून घेतलेलं काम एका दिवशी कॅमेऱ्यासमोर आलं, एवढंच.

बाकी, सदतीस हा आकडासुद्धा असाच मनाला येईल तो टाकलेला आहे. आधीचे छत्तीस कुठे आहेत म्हणून शोधू नका. आणि ती स्पर्धा डायगोनं जिंकलेली नाही. फायनलमध्ये तो केन्जी ओबाताच्या यूनकडून हरला. ओबाताचं नाव इथं किती जणांना आठवतंय? विजेत्याचं नाव विसरायचं आणि दुसऱ्या आलेल्याच्या व्हिडिओवरून जिंकायचं कसं ते शिकायचं, हे आपल्याकडे खास जमतं.

याच्या शेजारी मी लाहोरचा अर्सलान सिद्दिकी ऊर्फ अर्सलान अ‍ॅश ठेवतो. फेब्रुवारी २०१९ मध्ये व्हिसा आणि विमानांच्या गोंधळातून कसाबसा फुकुओकाला पोचला आणि इव्हो जपानचं ‘टेक्कन ७’ जिंकून बसला. ऑगस्टमध्ये लास वेगासला जाऊन मुख्य इव्होही जिंकली, फायनलमध्ये कोरियाच्या ‘नी’ला हरवून. ज्याला सगळं जग टेक्कनचा बाप मानायचं, त्याला. आता त्या वर्षातले अर्सलानचे सामने काढा आणि घरातल्या कोणालाही दाखवा. पाच मिनिटांत विचारतील, ‘हा नुसता मागे मागे का सरकतोय?’

हे मागे सरकणंच तर मला दाखवायचंय. टेक्कनमध्ये स्टिक दोनदा मागे मारली की तुमचा माणूस झटक्यात मागे जातो. तो झटका पूर्ण होऊ दिला तर मध्ये मोकळा वेळ जातो. म्हणून स्टिक क्षणभर तिरकी खाली न्यायची, झटका मध्येच तोडायचा, लगेच पुन्हा मागे, पुन्हा तिरकी, पुन्हा मागे. याला कोरियन बॅकडॅश म्हणतात. सांगायला एक वाक्य लागतं, मनगटात उतरायला महिने लागतात, आणि एका बाजूला जमला की दुसऱ्या बाजूला उभं राहिल्यावर पुन्हा श्रीगणेशा. जमल्यावर पडद्यावर काय दिसतं? एक माणूस मागे चाललाय. बस. पण त्या चालण्यामुळे समोरच्याचा ठोसा नाकापासून दोन बोटांवर हवेत जातो, ठोसा मारणाऱ्याचा हात लांब राहतो, आणि त्या लांब राहिलेल्या हाताची शिक्षा अर्सलान वसूल करतो. तीही साधी, ठरलेली, दर वेळी तीच.

म्हणजे बघा. डायगोनं जे केलं आणि अर्सलान जे करतो ते एकाच जातीचं काम आहे: समोरच्याचा वार फुकट घालवायचा आणि त्याची भरपाई वसूल करायची. अवघडपणात डावं-उजवं करायला मी बसणार नाही. फरक इतकाच की एक काम डोळ्यांत भरतं आणि दुसरं भरत नाही. शिकणारं पोर मात्र डोळ्यांत काय भरलं ते बघून सराव ठरवतं. पंधरा लाथा पॅरी करायला बसलेले मी भरपूर पाहिलेत. थर्ड स्ट्राइकच्या ऑनलाइन आवृत्तीत तर तो प्रसंग आव्हान म्हणून घातलेलाच आहे. पण तासभर नुसतं मागे सरकायचा सराव करणारा पाहायला मिळाला तर माझ्या खर्चानं मिसळ.

यात समालोचकांचाही हात आहे, आणि हे मी आधीही लिहिलंय, पुढेही लिहीन. कॉम्बो सुरू झाला की यांचा आवाज सप्तकं चढतो. म्हणजे जेव्हा समोरचा काहीच करू शकत नाही, निकाल लागून गेलाय आणि फक्त बटणांची पाठांतर परीक्षा उरली आहे, तेव्हा हे उठून उभे. आणि ज्या अर्ध्या सेकंदात तो पहिला फटका कमावला गेला, त्या अर्ध्या सेकंदात हे प्रायोजकाचं नाव वाचत असतात.

आता कुस्ती. कुस्तीचं नाव आलं नाही तर हा स्तंभ दुसऱ्या कोणी लिहून दिला असा संशय घेतला जातो. खाशाबा जाधवांची ढाक प्रसिद्ध होती. समोरच्याची मान बगलेत घेऊन त्याला फेकायचं, बघणाऱ्याच्या अंगावर काटा. म्हणून ढाक ही शायनिंग होती का? हेलसिंकीचं १९५२ चं पदक आखाड्यातल्या रोजच्या घामावर आलं, ढाक त्या घामाचा शेवटचा थेंब. तालमीत गेलेलं पोर फायटिंग गेममध्येही लवकर सुधारतं असं माझं निरीक्षण आहे. पुरावा मागू नका. माझ्याकडे दोनच पोरं आहेत आणि त्यातला एक भाचा आहे.

गेल्या रविवारी पुण्यातल्या एका गेमिंग कॅफेत ‘स्ट्रीट फायटर ६’ची छोटी स्पर्धा बघायला गेलो होतो. एक मुलगा, हात अप्रतिम. या गेममध्ये ड्राइव्हच्या सहा कांड्या मिळतात. चालू फटका मध्येच तोडून ड्राइव्ह रश मारायचा तर एकदम तीन जातात. या पठ्ठ्यानं पहिला फटका लागताच तीन उडवल्या, कॉम्बो लांबवला, पुन्हा तीन उडवल्या. लोकांनी टेबलं बडवली. कॉम्बो जितका लांबतो तितका पुढचा प्रत्येक फटका हलका होत जातो, त्यामुळे शेवटच्या चार-पाच फटक्यांनी जे गेलं ते नखाएवढं. सहाही कांड्या संपल्या की बर्नआउट. आता स्पेशल ब्लॉक केला तरी रक्त जाणार, ब्लॉकमधून सुटायलाही उशीर होणार. समोरचा चष्मेवाला मुलगा शांतपणे पुढे आला, त्याला कोपऱ्यात दाबला, खाली लाथ, पकड, खाली लाथ, पकड. संपलं.

बाहेर चहाला भेटला तेव्हा विचारलं, ‘अरे, दुसऱ्या तीन कशाला उडवल्यास?’

‘काका, मी सिरीयस खेळतच नव्हतो. मजा करत होतो.’

माझं सगळं भांडण या उत्तराशी आहे. शायनिंगमध्ये धोका असतो म्हणून ती वाईट असं मी म्हणत नाही. धोका डायगोनंही घेतला. शायनिंग वाईट अशासाठी की ती हरायच्या आधीच हरण्याचं कारण खिशात घालून देते. जिंकलो तर मी भारी, हरलो तर मी मजा करत होतो. मग चष्मेवाल्यानं पकड कधी केली, आपण ती का सोडवली नाही, हे बघायची गरजच उरत नाही. रीप्ले कोण उघडतो? मजेचा रीप्ले कोणी बघत नाही. डायगोकडे त्या दिवशी असं कारण नव्हतं. एक टिचकी चुकली असती तर ‘चुकली’ एवढंच म्हणता आलं असतं.

‘टेक्कन ३’च्या जमान्यात पार्लरमध्ये बसलेल्यांना एडी गोर्डोवाले आठवत असतील. तासाचे पैसे भरायचे, एडी घ्यायचा आणि लाथांची दोन बटणं कुटत सुटायचं. पडद्यावर नाच चालू, गल्लीत नाव. बसून ब्लॉक करायला शिकलेलं एक पोर आलं की त्यांचं संस्थान खालसा.

खोलीत, ट्रेनिंग मोडमध्ये, खुशाल करा हो. बोटं मोकळी होतात, गेमची गोडी टिकते, आणि गोडी टिकली नाही तर बॅकडॅश कोण घोटणार? एवढं मी देतो. अनोळखी समोरच्याला एखादी विचित्र चाल एकदा लागतेही. एकदा. डायगोनं २०१२ मध्ये पुस्तक लिहिलं ते सतत जिंकत राहण्याबद्दल, एकदा जिंकण्याबद्दल नव्हे.

गेम बनवणाऱ्या कॅपकॉमला तर हे कधीच कळलेलं आहे. १९९५ पासून त्यांनी डॅन नावाचं एक पात्र पाळलंय. गुलाबी कपडे, बेसुमार मिजास. त्याच्या एका सुपरमध्ये मेहनतीनं भरलेली सुपरची अख्खी पट्टी खर्च होते आणि बदल्यात तो समोरच्याला फक्त चिडवून दाखवतो. रक्ताचा थेंब जात नाही. उलट थर्ड स्ट्राइकमधला क्यू चिडवतो तेव्हा त्याचं अंग टणक होतं, पुढचे मार कमी लागतात. तिथलं चिडवणंसुद्धा कामाचं. आणि ‘स्ट्रीट फायटर ६’मध्ये अचूक वेळेला परफेक्ट पॅरी साधली तर पडदा थबकतो, रंग बदलतात, सगळा साज चढतो आणि त्यानंतरच्या तुमच्या माराचं वजन निम्मं धरलं जातं.

रविवारच्या त्या स्पर्धेत ‘सर्वांत स्टायलिश कॉम्बो’ला वेगळं बक्षीस होतं. कोणाला मिळालं ते सांगायला नको. मी आयोजकांना म्हटलं, बक्षीस द्यायचंच तर सर्वांत जास्त उड्या हवेत अडवणाऱ्याला द्या. ते म्हणाले, ‘सर, ते मोजणार कोण?’ सगळे रीप्ले साठवलेले असतात. पुढच्या स्पर्धेला मी बसून मोजून देतो, चहा तेवढा वेळेवर पाठवा.