निराशेचा एकतर्फी निवाडा

‘हल्ली कशातच राम वाटत नाही’ असे मराठी माणूस जेव्हा म्हणतो, तेव्हा तो आपल्या व्यथेचे निदान वैद्यकाच्या ग्रंथाइतक्याच नेमकेपणाने करीत असतो. अन्न तेच, घर तेच, माणसेही तीच. परंतु त्या सर्वांतील रस नाहीसा झाला आहे, असा अनुभव ज्याच्या वाट्याला येतो, त्याच्या अवस्थेला शोक म्हणता येत नाही. शोकाला कारण असते, आणि कारण असल्यामुळेच त्याला भरतीबरोबर ओहोटीही असते. गेलेल्या माणसाच्या आठवणीने रडणारी स्त्री त्याची एखादी खोड आठवून मध्येच हसते, आणि तिचे ते हसू खरे असते. नैराश्याने ग्रासलेल्या माणसाला असे हसू येत नाही आणि पुष्कळदा रडूही येत नाही. ही अवस्था दोन आठवडे वा त्याहून अधिक काळ जवळजवळ रोज टिकली, आणि तिने झोप, भूक, एकाग्रता व स्वतःविषयीचा आदर यांवर घाला घातला, म्हणजे तिला आजार समजावे, असा आधुनिक वैद्यकाचा निकष आहे. रोग वाढविणाऱ्या गोष्टींत विषादाला अग्रस्थान देणारा चरकही हे जाणून होता. त्याचा वारसा सांगणारे आपण मात्र विषण्ण माणसाला अद्यापि ‘मन घट्ट कर’ एवढेच सांगून मोकळे होतो.

या आजाराचे सर्वांत घातक लक्षण कोणते असेल, तर ते हताशपणा; कारण लक्षण म्हणून ते रोग्याला ओळखूच येत नाही. ताप चढलेल्या माणसाला आपले अंग तापले आहे हे कळते, हताश माणसाला मात्र आपण प्रथमच जगाकडे स्वच्छ दृष्टीने पाहत आहोत असे वाटते. त्याच्या मनात फिर्यादी तोच, साक्षीदार तोच आणि मुन्सफही तोच असतो. प्रतिपक्षाला हजर राहण्याची संधी न देता, जुन्या अपयशांचे दप्तर तेवढे पुढे ओढून, ‘यापुढे काहीही चांगले घडणार नाही’ असा एकतर्फी हुकूमनामा तो रोज पहाटे स्वतःवर बजावीत असतो. अशा हुकूमनाम्याविरुद्ध कोरड्या युक्तिवादाचे अपील चालत नाही, हे मला माझ्या मामांच्या आजारपणात कळले.

मामा मामलेदार कचेरीत अव्वल कारकून होते. निवृत्तीनंतर दुसऱ्या वर्षी, म्हणजे सुमारे चाळीस वर्षांपूर्वी, घरात कसलीही ददात नसताना ते हळूहळू अबोल झाले. रात्री तीनच्या सुमारास त्यांना जाग येई, ती पुन्हा डोळा लागू देत नसे. सकाळ सर्वांत जड जाई आणि दिवेलागणीच्या वेळी मुद्रेवर थोडी धुगधुगी दिसे. आम्ही सर्वांनी त्यांना उपदेशाने बेजार केले. ‘तुम्हाला काय कमी आहे?’ या प्रश्नाचा हिशेब त्यांच्यापाशी आधीच मांडलेला होता. सर्व काही असूनही सुख वाटत नाही, त्या अर्थी आपणच नालायक, अशी आणखी एक बाकी ते आमच्या प्रत्येक प्रश्नागणिक स्वतःच्या नावे चढवीत. मी स्वतः त्यांना ‘मन रमवा’ असे सांगितले होते, आणि त्या वाक्याचा पश्चात्ताप मला आजही होतो; कारण मन न रमणे हेच ज्याचे दुखणे, त्याला मन रमविण्यास सांगणे म्हणजे आटलेल्या विहिरीवर घागर घेऊन जाणे होय.

पुढे जिल्ह्याच्या ठिकाणी डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या, गुण येण्यास काही आठवडे लागतील असे सांगितले आणि बरे वाटू लागल्यावरही औषध आपल्या मनाने बंद करू नये, अशी ताकीद दिली. त्याच आठवड्यांत शेजारचा एक शेतकरी रोज संध्याकाळी ओटीवर येऊ लागला. त्याच्यापाशी वडिलार्जित जमिनीचे मोडीतील जुने कागद होते, आणि मामांना मोडी उत्तम येत असे. त्याने प्रकृतीची चौकशी केली नाही, धीराच्या गोष्टी सांगितल्या नाहीत. ‘भाऊसाहेब, एवढं एक पान वाचून द्या, बाकीचं उद्या,’ इतकेच तो म्हणे. पहिल्या दिवशी दीड ओळ वाचून मामांनी कागद खाली ठेवला. शेतकऱ्याने तो निमूटपणे रुमालात बांधला आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा आणला. आठव्या की नवव्या दिवशी मामांनीच विचारले, ‘कालचं पान कुठं आहे?’

त्या शेतकऱ्याने उपजत शहाणपणाने जे जाणले, ते पुढे गोव्यात शास्त्राच्या कसोटीस लागले. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘संगाथ’ या, १९९६ साली गोव्यात स्थापन झालेल्या संस्थेमार्फत तेथील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या सुमारे पाचशे रुग्णांवर एक प्रयोग केला. मानसोपचाराची पदवी नसलेल्या, परंतु रीतसर प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक समुपदेशकांनी निम्म्या रुग्णांना सहा ते आठ बैठका दिल्या. उमेद आल्यावर काम करीन, अशी वाट पाहत न बसता आधी एखादे लहानसे, ठरलेले, झेपण्याजोगे काम हाती घ्यावे आणि मनाला त्यामागून येऊ द्यावे, हे त्या बैठकांचे मुख्य सूत्र होते. २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तीन महिन्यांनंतर अशी सोबत लाभलेल्यांपैकी ६४ टक्के रुग्णांची लक्षणे ओसरली, केवळ केंद्रातील नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. औषधांची थोरवी याने कमी होत नाही. अनेकांना औषधाची गरज असते आणि ते नियमित घेतलेच पाहिजे. परंतु औषधाचा गुण येईपर्यंतचे दिवस रोग्याने कोणाच्या आधारावर काढावेत, या प्रश्नाचे एक खरे उत्तर या प्रयोगाने दिले आहे.

ते उत्तर आपल्या राज्यकारभाराने अद्याप पुरतेपणी ऐकलेले नाही. मनाच्या आजाराचा दवाखाना म्हटला की महाराष्ट्रातील सामान्य माणसाला ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी ही चार नावे आठवतात, आणि त्या नावांच्या धास्तीनेच तो घरी बसतो. कायद्याने मात्र मोठी मजल मारली आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरावे आणि त्याची शुश्रूषा, उपचार व पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी समजावी, असे २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे ११५वे कलम सांगते. ऑक्टोबर २०२२पासून ‘टेलिमानस’ची १४४१६ या क्रमांकाची विनामूल्य दूरध्वनी सेवा अहोरात्र चालू आहे. आता प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात असा एक प्रशिक्षित, पगारी समुपदेशक असावा, ही माझी मागणी आहे. गोव्यात जे जमले, ते महाराष्ट्रात जमणार नाही असे मानण्यास मला आधार दिसत नाही.

परंतु सरकारची तजवीज होईपर्यंत घरातल्यांचे कर्तव्य तहकूब राहत नाही. ज्याच्या बोलण्यात ‘आता जगून काय करायचं’ असा सूर येऊ लागला असेल, त्याला ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असे सरळ आणि प्रेमाने विचारावे. विचारल्याने तो विचार मनात पेरला जातो ही समजूत खोटी आहे. उलट एकट्याने वाहिलेले ओझे त्या प्रश्नाने प्रथमच कोणाच्या तरी हाती लागते. उत्तर होकारार्थी आले, तर त्याला क्षणभरही एकटे सोडू नये, शेतावरचे कीटकनाशक आणि घरातील साठलेल्या गोळ्या कुलपाआड ठेवाव्यात, आणि त्याच दिवशी त्याच्याबरोबर दवाखान्याची पायरी चढावी. ‘जाऊन ये’ आणि ‘चल, मी येतो’ या दोन वाक्यांत जे अंतर आहे, तेच कित्येकदा जीवन आणि मरण यांमधील अंतर ठरते.

आणि वाचक हो, तुमच्यापैकी जो कोणी या ओळी अशाच पहाटे, झोप उडालेल्या डोळ्यांनी वाचीत असेल, त्याला माझी विनंती आहे : तुमच्या मनाने दिलेला निवाडा अंतिम नाही, त्याची अंमलबजावणी करू नका. उजाडल्यावर एका माणसाला सांगा. माणूस जवळ नसेल तर तो क्रमांक आत्ताच फिरवा.

त्या शेतकऱ्याचे सारे दप्तर मामांनी दोन पावसाळ्यांत वाचून पुरे केले, आणि त्यानंतर ते अकरा वर्षे जगले.