सोसणें आणि सावरणें

आपल्या घरांतून एखाद्या सुनेची अथवा वडीलधाऱ्या स्त्रीची स्तुति करावयाची झाली म्हणजे 'मोठी सोशीक हो!' हे शब्द हटकून ओठीं येतात. बाळंतपणाच्या वेणा, आल्यागेल्याचें, वर्षानुवर्षांची कंबरदुखी, हें सर्व जिनें ब्र न काढतां निभावलें ती थोर, अशी आपली समजूत आहे. आणि ती सर्वस्वीं खोटी आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु कांहीं दुखणीं अशीं असतात कीं, त्यांत मुकाट्यानें सोसणें हा गुण न राहतां दुखण्याचाच साह्यकर्ता होतो. स्तनाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेनंतरच्या वेदना हें त्याचें ठळक उदाहरण होय, आणि या महिन्यांत त्याविषयींच चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

यास निमित्त झालें तें आगरदांड्याहून आलेल्या एका वाचक भगिनीच्या पत्राचें. राजपुरीच्या खाडीच्या कांठचें, समोरच्या दिघीकडे वाहनें नेणाऱ्या फेरीबोटीमुळें अनेकांस ठाऊक असलेलें हें गांव. भगिनीच्या धाकट्या जाऊबाईंवर तीन महिन्यांपूर्वीं मुंबईस शस्त्रक्रिया झाली. डावा स्तन व काखेंतील ग्रंथि काढाव्या लागल्या. जखम भरली, टाके निघाले, तेव्हां आतां काळजी कसली, असें घरांत सर्वांस वाटतें. जाऊबाईही विचारणारास 'बरं आहे' एवढेंच सांगतात. परंतु डावा हात त्या अंगाशीं धरूनच वावरतात. वेणी घालण्यास हात मागें जात नाहीं म्हणून पुतणीकडून घालून घेतात. आणि रात्रीं केव्हांही पाहावें तों भिंतीस टेकून बसलेल्या असतात. "त्या बोलत नाहींत, आणि आम्हांस विचारावें कसें तें कळत नाहीं," असें भगिनी लिहिते. असा प्रश्न अनेक घरांत पडत असेल, म्हणून त्याचें उत्तर येथें सर्वांसाठींच देत आहों.

प्रथम, दुखतें काय तें समजून घेतलें पाहिजे. काखेंतून दंडाच्या आंतल्या बाजूस जाणारा, तेथील त्वचेस संवेदना देणारा एक बारीक मज्जातंतु आहे. काखेंतील ग्रंथि काढतांना तो ताणला जातो, कधीं कापावाही लागतो. मग काख व दंड बधिर होतात, आणि नवल असें कीं, त्या बधिर जागींच आग होणें, मुंग्या येणें, वीज चमकावी तशी कळ येणें असे प्रकार सुरू होतात. पदराचा नुसता स्पर्शही नकोसा वाटतो. जो स्तन काढून टाकला तोच दुखत आहे असा भास कित्येकींस होतो. हें वेड नव्हे. गेलेल्या अवयवाची नोंद मेंदूंत शिल्लक असते, तिचा हा परिणाम. याखेरीज व्रण आक्रसतो, आणि काखेपासून कोपराकडे त्वचेखालीं ताणलेल्या दोरीसारखे पट्टे जाणवूं लागतात. ते पाहून रोग उलटला असें समजून घाबरूं नये. योग्य व्यायामानें ते बहुधा कांहीं आठवड्यांत वा महिन्यांत सैल पडतात. मात्र ते डॉक्टरांस दाखवावे.

अशा वेदना विरळाच असतात, असेंही कोणी समजूं नये. डेन्मार्कमध्यें स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होऊन दोन-तीन वर्षें झालेल्या ३२५३ स्त्रियांनीं दिलेलीं उत्तरें २००९ सालीं प्रसिद्ध झालीं. त्यांपैकीं ४७ टक्के स्त्रियांस तेव्हांही कोठें ना कोठें दुखत होतें. तेव्हां तीन महिन्यांनीं दुखतें म्हणून जाऊबाईंनीं स्वतःस हळवें समजण्याचें कारण नाहीं, आणि घरच्यांनीं तर मुळींच नाहीं.

आतां मुद्द्याची गोष्ट. हात हलविला कीं दुखतो, म्हणून रुग्ण तो हलवीत नाहीं. न हलविल्यानें खांदा आखडतो. आखडलेला खांदा अधिकच दुखतो, म्हणून हात आणखी जपला जातो. हें चक्र एकदां सुरू झालें म्हणजे पुढें खांदा मोकळा करणें फार कष्टाचें होतें. शिवाय अनेकींस शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार घ्यावे लागतात. त्या वेळीं हात डोक्याकडे वर नेऊन कांहीं वेळ निश्चल निजावें लागतें. ज्या बाईचा हात खांद्याच्या वर जात नाहीं, तिच्या या उपचारासही खोळंबा होतो. म्हणजे न सांगितलेली वेदना ही केवळ रात्रीची झोप नेत नाहीं. ती प्रत्यक्ष रोगाच्या उपचाराच्या आड येऊं शकते. वेदनाशामक औषध हें लाड म्हणून द्यावयाचें नसून हात हलता राहावा म्हणून द्यावयाचें असतें, एवढें घरांतील सर्वांच्या मनावर ठसलें तरी अर्धें काम झालें.

वेदनेस शब्द देणें किती अवघड असतें, हें इतिहासावरूनही दिसतें. फॅनी बर्नी या प्रसिद्ध इंग्रज लेखिकेवर पॅरिस येथें १८११ च्या सप्टेंबरांत स्तनाची शस्त्रक्रिया झाली. भूल देण्याची विद्या त्या वेळीं युरोपांत अवगत नव्हती. सर्व कांहीं शुद्धीवर असतांनाच झालें. तो वृत्तान्त आपल्या बहिणीस पत्रानें कळविण्याचें धैर्य त्या सिद्धहस्त बाईस कित्येक महिन्यांनीं आलें. ती पुढें १८४० पर्यंत जगली. दुसरी गोष्ट अलीकडची. न्यूयॉर्कच्या टेरीस लासर या गृहिणीची हीच शस्त्रक्रिया १९५२ सालीं झाली. हात कसा हलवावा, कपडे कसे घालावे, मुलाबाळांत पुन्हा कसें वावरावें, हें कोणीच सांगत नाहीं असें तिच्या ध्यानांत आलें. मग तिनें स्वतःच इतर रुग्ण स्त्रियांच्या खाटेशीं जाऊन हें सर्व सांगण्यास आरंभ केला. या दुखण्यांतून गेलेल्या बाईनें नव्या रुग्ण बाईस धीर द्यावा, ही पद्धत तिच्या या खटपटीमुळें देशोदेशीं पसरली.

औषधांविषयीं थोडें. साधी वेदनाशामक गोळी डॉक्टरांनीं ठरावीक वेळीं घेण्यास सांगितली असेल तर ती घड्याळाप्रमाणें घ्यावी; असह्य होईपर्यंत थांबून मग घेतल्यास तिचा गुण थोडा येतो. परंतु आग होणें व कळा मारणें ही मज्जातंतूची वेदना साध्या गोळीस सहसा दाद देत नाहीं. तिच्यासाठीं वेगळीं औषधें असतात. त्यांपैकीं कांहीं मुळांत अपस्मारासाठीं व कांहीं मनाच्या विषण्णतेसाठीं निघालेलीं आहेत. घरांतील एखादा सुशिक्षित चिरंजीव वेष्टनांतील कागद वाचतो आणि 'ही तर फिटची गोळी' म्हणून ती बंद करवितो. असें करूं नये. शंका असल्यास डॉक्टरांस विचारावी, पण औषध आपल्या बुद्धीनें एकाएकी तोडूं नये. आणखी एक इशारा. बधिर जागेस ऊन-गार समजत नाहीं. तेथें गरम पाण्याच्या पिशवीनें शेकल्यास त्वचा भाजली तरी रुग्णास पत्ता लागत नाहीं. तेल लावून त्या हातास जोरानें रगडणेंही वर्ज्य समजावें.

व्यायाम कोणता व केव्हां, हें शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनीं वा फिजिओथेरपिस्टनें सांगितल्याप्रमाणेंच करावें. सामान्यतः पहिल्या एक-दोन दिवसांतच मूठ उघडणें-मिटणें, मनगट फिरविणें, कोपर वांकविणें सुरू करवितात. जखमेंतील पाणी वाहून नेणारी नळी असेपर्यंत हात खांद्याच्या वर नेऊं देत नाहींत. नळी निघाल्यावर भिंतीसमोर उभें राहून बोटांनीं भिंत चढत जावें, आणि जेथवर हात पोहोंचेल तेथें पेन्सिलीनें खूण करावी. खूण रोज वर सरकेलच असें नाहीं. पण आठवड्यानें पाहिलें तर प्रगति डोळ्यांस दिसते, आणि निराश मनास तिचा मोठा आधार होतो. गोळी घेतल्यावर तासाभरानें व्यायाम केल्यास तो सुसह्य होतो. ताण जाणवावा, पण जीवघेणी कळ येऊं नये, हें त्याचें माप. भाता वाजवावा तसा दीर्घ श्वासोच्छ्वास सोबत असल्यास अंग आखडत नाहीं.

त्या हातानें आयुष्यभर जड उचलूं नये, असें पूर्वीं सरसकट सांगत. काखेंतील ग्रंथि गेल्यानें हातांत पाणी सांचून सूज येते, ही भीति त्यामागें होती, आणि ती निराधार नाहीं. परंतु अमेरिकेंत अशी सूज असलेल्या १४१ स्त्रियांवर प्रयोग करून २००९ सालीं जो निष्कर्ष प्रसिद्ध झाला, तो विचार करावयास लावणारा आहे. देखरेखीखालीं, हळू हळू वाढवीत वजन उचलण्याचा व्यायाम ज्यांनीं केला त्यांची सूज त्यामुळें वाढली नाहीं; उलट ती बळावण्याचे प्रसंग कमी झाले. याचा अर्थ विहिरीवरील भरली कळशी उद्यांच उचलावी असा नव्हे. आज पेला, पंधरवड्यानें तांब्या, मग लहान बादली, अशी पायरीपायरीनें आणि विचारून वाटचाल करावी. मात्र त्या हाताची त्वचा जपावी. नारळ सोलतांना, विळीवर चिरतांना, वाडींत काटा लागून जखम झाली तर ती लागलीच धुऊन औषध लावावें. हात लाल व ऊन होऊन ताप आला तर त्याच दिवशीं डॉक्टरांस गांठावें. नवी वेदना उठून वाढतच चालली, हाडांत सतत ठणका लागला वा श्वास लागूं लागला, तरी पुढील तपासणीची वाट पाहूं नये.

आगरदांड्यासारख्या गांवाहून मुंबईस जाणें हेंच एक दुखणें असतें, हें आम्ही जाणतों. मुरूड-अलिबागवरून मांडवा वा रेवस गांठून समुद्रमार्गें जावें, नाहीं तर पेण-पनवेलवरून रस्त्यानें. गाडींतील हिसक्यांसाठीं काखेखालीं लहान मऊ उशी धरल्यास पुष्कळ आराम पडतो. परळचें टाटा स्मारक रुग्णालय १९४१ च्या फेब्रुवारींत सुरू झालें. तेथें शस्त्रक्रियेइतकीच वेदनानिवारणाची व व्यायामोपचाराचीही सोय आहे. त्याच संस्थेचें खारघर येथील केंद्र तर रायगड जिल्ह्यांतच आहे. मुक्कामासाठीं दादरची गाडगे महाराज धर्मशाळा अनेक रुग्णकुटुंबांस आधार देत आली आहे. परंतु इतका प्रवास करून डॉक्टरांपुढें 'बरं आहे' एवढेंच सांगावयाचें असेल तर तो व्यर्थ होय. म्हणून एक लहान वही करावी. कोठें दुखतें, केव्हां दुखतें, कोणत्या कामानें वाढतें, आणि शून्य ते दहा या मापांत किती, हें रोज एका ओळींत लिहावें.

आतां घरच्यांविषयीं. 'कसं आहे?' या प्रश्नास आपल्या सुना 'बरं आहे' याखेरीज उत्तर देत नाहींत, कारण प्रश्नच तसा असतो. त्याऐवजीं 'काल रात्रीं किती वेळ झोप लागली?', 'आज हात कुठवर गेला?' असें विचारावें. चौघांसमक्ष विचारूं नये. जाऊबाईंनीं वा नणंदेनें एकांतीं विचारावें. समाचारास येणाऱ्यांची गर्दी आवरावी, आणि कोणाच्या कोण बाई कशा गेल्या या कथा उंबऱ्याबाहेरच राहतील असें पाहावें. सर्व कामें तिच्या हातून काढून घेऊं नयेत. निवडणें, वाती वळणें, दोरीवर हलकीं वस्त्रें वाळत घालणें यांत हातही चालतो आणि आपण घरास नकोशा झालों नाहीं हेंही तिला कळतें. पतीनें व्रणाकडे पाहण्याचें टाळूं नये. आरशासमोर उभें राहण्याचा जो पहिला दिवस येतो त्या दिवशीं ती एकटी नसावी. जखम पूर्ण भरल्यावर, डॉक्टरांच्या अनुमतीनें, प्रथम कापसाची हलकी व पुढें योग्य वजनाची कृत्रिम स्तनाची गादी वापरतां येते. ती केवळ दिसण्यासाठीं नसते; एका बाजूचा भार गेल्यानें खांदा व पाठ ओढली जाते, त्यासही तिनें आधार मिळतो.

आणि वडीलधाऱ्या सासूबाईंस आमची एक विशेष विनंति आहे. घरांत सोसण्याचा आदर्श आपण घालून दिलेला असतो, म्हणून न सोसण्याची मोकळीकही आपणच देऊं शकतां. 'दुखत असेल तर सांग हो, सांगण्यांत कमीपणा नाहीं,' हें एक वाक्य आपल्या तोंडून निघालें तर सून डॉक्टरांपुढेंही मोकळेपणानें बोलूं लागेल. पुढील तपासणीच्या वेळीं ती वही बरोबर द्यावी, आणि पत्र लिहिणाऱ्या भगिनीनें शक्य तर जाऊबाईंसोबत स्वतः जावें.