बंडखोरांची सही

भागीदारी संस्थेचे खाते उघडताना बँक सर्व भागीदारांकडून एक पत्र लिहून घेते. खात्यावर सही कोणी करायची, एकट्याने की दोघांनी मिळून, हे त्यात ठरते. माझ्या नोकरीच्या काळात हे पत्र पूर्ण वाचून सही करणारे भागीदार मला फार थोडे भेटले. खाते उघडायला मंडळी पेढे घेऊन येतात. पत्र कपाटातून पुन्हा बाहेर निघते ते भांडण झाल्यावर. 'सेक्स पिस्टल्स' या इंग्लिश पंक रॉक बँडचा इतिहास वाचताना मला ते कपाट आठवत राहिले.

ऑगस्ट २०२१ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयात या बँडच्या कपाटातले पत्र असेच बाहेर आले. 'स्लमडॉग मिलेनियर'मुळे आपल्याला परिचित असलेला दिग्दर्शक डॅनी बॉयल बँडवर 'पिस्टल' ही मालिका करीत होता. आधार होता गिटारवादक स्टीव्ह जोन्सच्या आत्मकथनाचा. गाणी वापरायला गायक जॉन लायडनने, म्हणजे एके काळच्या 'जॉनी रॉटन'ने, साफ नकार दिला. जोन्स आणि ड्रमवादक पॉल कुक यांनी १९९८ चा करार पुढे केला : निर्णय बहुमताने. या कराराचा परिणाम आपल्या नीट लक्षात आला नव्हता, असे लायडनचे म्हणणे. न्यायमूर्ती अँथनी मान यांनी ते मानले नाही. २०२२ मध्ये मालिका आली, गाण्यांसकट.

आता हे लायडनच्या वर्मी का लागावे, ते समजायला मागे जावे लागते. १९७५ साली लंडनच्या किंग्ज रोडवर माल्कम मॅक्लॅरेन आणि व्हिव्हियन वेस्टवूड यांचे कपड्यांचे दुकान होते. तिथे घुटमळणाऱ्या पोरांतून बँड उभा राहिला. काळ असा, की १९७६ मध्ये ब्रिटिश सरकारने आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे ३९० कोटी डॉलरचे कर्ज मागितले. एके काळी जगाला कर्ज देणारे घर उधारीला लागलेले, आणि कामगार वस्तीतल्या पोरांना काम नाही. मॅक्लॅरेनला म्हणे कपडे खपवण्यासाठी बँड हवा होता. असेलही. पण लायडनच्या आवाजातला संताप दुकानात शिवून मिळणारा नव्हता.

पुढचे सव्वा वर्ष जमाखर्चाच्या वहीतच वाचावे. ऑक्टोबर १९७६ मध्ये ईएमआय कंपनीने ४० हजार पौंडांची उचल देऊन करार केला. १ डिसेंबरला दूरदर्शनवर, भर संध्याकाळी, मुलाखतकार बिल ग्रंडी याने डिवचल्यावर पोरांनी शिव्या दिल्या. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रे पेटली, गावोगावचे कार्यक्रम रद्द झाले आणि जानेवारीत ईएमआयने करार सोडला. मार्चमध्ये ए अँड एम कंपनीने बकिंगहॅम राजवाड्याबाहेर सह्यांचा सोहळा केला, आणि आठवड्याभरात तोही करार मोडला. तेवढ्यात ७५ हजार पौंड बँडच्या पदरात पडले होते. कर्ज बुडवून श्रीमंत झालेले पुष्कळ पाहिले. हाकलले जाऊन श्रीमंत झालेले एवढेच.

मे महिन्यात व्हर्जिन कंपनीने त्यांना घेतले. राणीच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवातच 'गॉड सेव्ह द क्वीन' बाजारात आले. बीबीसीने बंदी घातली, तरी ते विक्रीच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेले. पहिला क्रमांक मुद्दाम हुकवला, हा संशय आजही घेतला जातो. ७ जूनला टेम्स नदीत बोट भाड्याने घेऊन त्यांनी कार्यक्रम केला, तो पोलिसांनी बंद पाडला. बोटीचे नाव 'क्वीन एलिझाबेथ'! त्यांचा एकमेव खरा अल्बम ऑक्टोबरात आला. जानेवारी १९७८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या मंचावर बँड संपला. बासवादक ग्लेन मॅटलॉकच्या जागी आलेला सिड व्हिशस फेब्रुवारी १९७९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये हेरॉइनने गेला, वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी. त्याच्या मरणाचे आजही टी-शर्ट विकले जातात. त्यावर अधिक लिहवत नाही.

लायडनने मग मॅक्लॅरेनला कोर्टात खेचले. १९८६ मध्ये हक्क आणि पैसा बँडच्या मंडळींकडे आणि सिडच्या वारसाकडे आला. म्हणजे कागदाच्या जोरावर आधी जिंकला तो लायडनच, हे त्याच्या चाहत्यांनी विसरू नये. १९९६ मध्ये मंडळी पुन्हा एकत्र आली, तेव्हा दौऱ्याला त्यांनी 'फिल्दी ल्यूकर' असेच नाव दिले : घाणेरडा पैसा. एवढा प्रामाणिक ताळेबंद मी क्वचितच पाहिला. २००६ मध्ये अमेरिकेच्या रॉक संगीताच्या मानाच्या सभागृहाने त्यांचा गौरव करायचे ठरवले, तेव्हा त्यांनी हस्ताक्षरात नकार कळवला. त्यानंतर दोनच वर्षांनी लायडन लोण्याच्या जाहिरातीत दिसला. आणि २०१५ मध्ये व्हर्जिनच्याच नावाच्या बँकेने बँडच्या अल्बमचे चित्र छापलेली क्रेडिट कार्डे काढली. माझ्यासारख्या निवृत्त बँकवाल्याला यावर हसावे की उठून उभे राहावे, कळेना.

तर मग २०२१ चा निकाल बरोबर होता का? माझ्यातला अधिकारी म्हणतो, बरोबर. चौघांच्या मालमत्तेवर एकाचा कायमचा नकाराधिकार ठेवला तर कोणताच धंदा चालणार नाही. शिवाय आयुष्य जोन्सचे होते. ते सांगायला त्याने कोणाची परवानगी का मागावी?

पण कादंबऱ्या लिहिणारा माझ्यातला दुसरा माणूस एवढ्यावर उठत नाही. आठवण एकाची असते, गाणे मात्र चौघांचे. आणि त्या गाण्यांमुळेच तर जोन्सची आठवण कोणी विकत घेतली. या बँडजवळ विकण्यासारखे होते काय? सूर बेताचा, वादन कच्चे. होता तो एक नकार, आणि तो प्रामुख्याने लायडनच्या तोंडून आलेला. तोच भांडवल म्हणून करारात घातला गेला आणि मग त्याच्यावर मतदान झाले. करारात सगळ्या मालमत्तेची नोंद करता येते, पण 'नाही' म्हणणारा माणूस कोणत्या सदरात टाकायचा, हे मला पस्तीस वर्षांत कोणी शिकवले नाही. लायडनने ते कलम वाचायला हवे होते, हे खरेच. माझ्याकडे सह्या करून गेलेल्या कितीतरी भागीदारांनीही वाचायला हवे होते, आणि समोर बसलेल्या मी त्यांना ते वाचून दाखवायला हवे होते.

२०२४ मध्ये लंडनच्या बुश हॉलमध्ये जोन्स, कुक आणि मॅटलॉक फ्रँक कार्टर या तरुण गायकाला घेऊन तो जुना अल्बम वाजवायला उभे राहिले. त्या सभागृहाला मदत व्हावी, हा हेतू. लायडन नव्हता. कार्टर गात होता ते शब्द बहुतांशी त्याचेच, आणि त्यांचे मानधन आजही त्याच्या खात्यावर जमा होत असणार.