ओट्याची फरशी आणि ऐब
भद्रावतीत घर बांधणारा ओट्यासाठी कडप्पा किंवा ग्रॅनाइट घेतो. दगडातली नैसर्गिक रेघ, रंगाचा फरक हा ऐब नव्हे. तडा मात्र ऐबच. काही विक्रेते तो लेप भरून, पॉलिश मारून झाकतात आणि जड पातेले आपटताच फरशी दुभंगते. गिऱ्हाइकाने फरशी मागच्या बाजूने ओली करून पाहावी. पाणी सुकले तरी तड्याची रेघ ओली राहते. कडप्पा हा चुनखडीचा दगड. लिंबू-चिंचेने त्यावर डाग पडतात, हेही आधीच सांगावे.

आम्ही कापडवाले डागी तागा उलगडून दाखवतो आणि भाव उतरवतो. भिजलेले धान्य ढिगाखाली दडवणाऱ्या व्यापाऱ्याला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बजावले होते की, फसवणारा आपल्यातला नाही. दगडविक्रेत्या बंधूंनो, ऐब दाखवून विका. नफा थोडा कमी होईल, पण बरकत राहील.