आवाज आहे, गाणं कुठाय?

मुलांच्या आंतरराष्ट्रीय गाण्याच्या स्पर्धेत शेवटून पहिल्या आलेल्या दोन देशांची सांस्कृतिक ठाणी आमच्या दिल्लीच्या कस्तुरबा गांधी मार्गावर आहेत. एक जर्मनीचं मॅक्स म्युलर भवन. दुसरं ब्रिटिश कौन्सिल, चार्ल्स कोरियांच्या हातची ती इमारत, जिच्या दर्शनी भिंतीवर चित्रकार हॉवर्ड हॉजकिनचं काळ्या-पांढऱ्या दगडातलं भलंथोरलं झाड आहे. जर्मनी २०२० साली या स्पर्धेत, म्हणजे ज्युनियर युरोव्हिजनमध्ये, पहिल्यांदा उतरला आणि बारांत बारावा आला. वेल्स २०१८ साली मिन्स्कला गेला आणि विसांत विसावा आला. वेल्स म्हणजे ब्रिटन का, हा हिशेब ब्रिटिशांनी आपसात करावा. त्या दोन मुलांची नावं मला माहीत आहेत, पण लिहीत नाही. शेवटून पहिलं येणं मोठ्यांनाही पचायला जड जातं. तेरा-चौदाव्या वर्षी आलेला तो नंबर परक्या देशातल्या वर्तमानपत्रात पुन्हा छापायची गरज नाही.

याच रस्त्यावर २०१३ पासून आपलं नवं महाराष्ट्र सदन आहे. जुनं कोपर्निकस मार्गावर. मी दिल्लीत राहते, त्यामुळे सदनात मुक्कामाला जायचा प्रश्न येत नाही, पण मिसळ खायला जाते. गेल्या हिवाळ्यात भाचीला घेऊन गेले होते. ती दिल्लीतच वाढलेली, अकरा वर्षांची, गाणं शिकते. मिसळ येईपर्यंत तिने माझ्या फोनवर या स्पर्धेची गाणी लावली. मतदान इंटरनेटवर होतं आणि ते साऱ्या जगाला खुलं असतं. म्हणजे भारताचा स्पर्धक नसला तरी भारतातून मत देता येतं. तिने देशांची यादी वरपासून खालपर्यंत पाहिली आणि विचारलं, "मावशी, यात आपलं गाणं कुठाय?"

आपण त्यात नाही, ते युरोपच्या प्रसारण संस्थांचं आहे, असं मी सांगितलं. "मग ऑस्ट्रेलिया कसा होता?" बरोबर होतं तिचं. ऑस्ट्रेलिया २०१५ साली आत शिरला, कझाकस्तान २०१८ साली. मी मिसळीत लिंबू पिळत बसले.

आपल्याकडे मुलांचे आवाज कमी आहेत असं म्हणायची कुणाची छाती नाही. झी मराठीवरचं 'सा रे ग म प लिटल चॅम्प्स'चं २००८-०९चं पर्व ज्यांनी पाहिलं, त्यांना सोमवार-मंगळवारची घरातली जेवणं टीव्हीपुढे सरकलेली आठवत असतील. आळंदीची कार्तिकी गायकवाड, अलिबागची मुग्धा वैशंपायन, आरवलीचा प्रथमेश लघाटे, पुण्याची आर्या आंबेकर, लातूरचा रोहित राऊत. फेब्रुवारी २००९ मध्ये कार्तिकी जिंकली, पण लोकांनी पाचही जणांना घरचंच मानलं. बारा वर्षांनी तीच पाच मुलं पुढच्या पर्वात परीक्षकांच्या खुर्च्यांवर बसली. प्रथमेश आणि मुग्धाचं लग्न झालं तेव्हा नात्यातलं कार्य असावं अशा उत्साहाने आमच्याकडे त्याची चर्चा झाली.

पण ती पाच मुलं काय गायली? नाट्यपदं, अभंग, भावगीतं, लावणी, सिनेमातली गाणी. उत्तम गायली. दहा वर्षांच्या पोरीने बालगंधर्वांच्या वळणाने विरह आळवला आणि आपण डोळे पुसले. त्या सगळ्या महिन्यांत त्यांच्यासाठी, त्यांच्या वयाचं, नवं असं गाणं किती वेळा लिहिलं गेलं? आपल्या स्पर्धेचं मापच वेगळं आहे. मोठ्यांच्या गाण्याच्या किती जवळ पोचलास, यावर मुलाला गुण. हरकत तशीच घेतली का, मूळ गायिकेचा तो श्वास पकडला का. शाब्बास, अगदी दीदींची आठवण झाली.

ज्युनियर युरोव्हिजनचा नियम याच्या नेमका उलटा आहे, आणि माझ्या मते त्या स्पर्धेतली चोख गोष्ट तेवढीच. गायक नऊ ते चौदा वर्षांचा. गाणं नवं कोरं, तीन मिनिटांच्या आत. त्यातले निदान साठ टक्के शब्द आपल्या देशाच्या भाषेतले. २००३ साली कोपनहेगनला पहिली स्पर्धा झाली तेव्हापासून सुरुवातीची काही वर्षं गाणं मुलांनीच रचायचं असं बंधन होतं. पुढे मोठे संगीतकार आत आले, आणि गाण्यांना मोठ्यांचा वास येऊ लागला तो तिथूनच. तरीही २००८ साली जॉर्जियाच्या तीन मुलांनी मधमाश्यांच्या पोशाखात, मधमाश्यांच्या बनावट भाषेत गाणं म्हटलं आणि पहिला नंबर काढला. जॉर्जिया म्हणजे पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये मावेल एवढ्या लोकसंख्येचा देश. २०२४ पर्यंत तो चार वेळा जिंकलाय.

आणखी एक गंमत. २००५ ते २०१५ या काळात तिथे प्रत्येक गाण्याच्या खात्यावर मत पडण्याआधीच बारा गुण जमा असत, कुठलंही मूल शून्यावर घरी जाऊ नये म्हणून. हळदीकुंकवाला आलेल्या प्रत्येकीच्या हातावर तिळगूळ पडतो, तसं. २०१४ साली क्रोएशियाचं गाणं तेरा गुणांवर शेवटचं आलं. म्हणजे सगळ्या युरोपाने मिळून त्याला एक गुण दिला होता. फलकावर मात्र तेरा दिसले. फसवणूक आहे, पण मला अशी फसवणूक चालते.

सगळं गोड होतं असं नाही. ही कल्पना मुळात डेन्मार्कची. तिथे मुलांनी स्वतः लिहून गायलेल्या गाण्यांची स्पर्धा २००० सालापासून चालत आली होती. पुढे स्पर्धा युरोपभर झाली, झगमगाट वाढला, आणि डेन्मार्क व नॉर्वेच्या प्रसारण संस्था २००६ पासून बाजूला झाल्या. मुलांवर ताण येतो, हे मोठ्यांच्या स्पर्धेसारखं झालंय, असं त्यांचं म्हणणं. आणि त्यांनी आपली वेगळी, लहानशी नॉर्डिक स्पर्धा मांडली. ज्यांनी रोप लावलं त्यांनीच ते सोडून जावं, यात काहीतरी कळण्यासारखं आहे.

ताणाचं आपल्यालाही माहीत आहे. बालहक्क आयोगाने मुलांच्या रिअॅलिटी शोंसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. मग २०१६ साली बालमजुरीचा कायदा बदलला आणि पुढच्या वर्षी नियम आले: कलाकार मुलाला दिवसात पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग तीन तासांवर नाही, कमाईचा निदान पाचवा हिस्सा मुलाच्या नावाने बँकेत मुदत ठेवीत, आणि जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी. कागदावर उत्तम. पण या नियमांत मूल गातं काय, याबद्दल अक्षर नाही. तो कायद्याचा विषयही नव्हे. तो आपला, ऐकणाऱ्यांचा विषय.

एकेकाळी आपल्याकडे तो विषय होता. १९५३च्या 'देवबाप्पा'मध्ये माडगूळकरांचं, पुलंच्या चालीवरचं 'नाच रे मोरा' विशीतल्या आशाबाईंनी गायलं. गळा मोठ्याचा, पण गाणं मुलांचं. पुढे मीना खडीकरांनी पाडगांवकरांच्या 'सांग सांग भोलानाथ'ला चाल दिली आणि गायला आपलीच मुलं बसवली, योगेश आणि रचना, जोडीला शमा खळे. तिथे गळाही मुलांचा झाला. मग बरीच वर्षं फारसं नवं नाही, आणि मग संदीप खरे-सलील कुलकर्णींचं 'अग्गोबाई ढग्गोबाई'. पन्नास-साठ वर्षांची बेरीज एका दमात सांगून झाली, यातच काय ते आलं. शाळांच्या स्नेहसंमेलनात आजही पहिली ते चौथीची पोरं भोलानाथावरच नाचतात, आणि पाचवीपासून थेट सिनेमातल्या आयटम गाण्यावर. मधली इयत्ताच नाही.

आता वेल्सकडे वळते, कारण मला महाराष्ट्र सदनात बसून वेल्सचा हेवा वाटला होता. ब्रिटनच्या आयटीव्हीने २००५ नंतर या स्पर्धेतून अंग काढून घेतलं. बीबीसी आली ती २०२२ साली. मधल्या काळात, २०१८ मध्ये, एस-फोर-सी या वेल्श भाषेतल्या वाहिनीने सांगितलं, आम्ही जातो. २०२१च्या जनगणनेत वेल्श बोलणारे साडेपाच लाखांच्या आतबाहेर. मराठी बोलणारे २०११ साली आठ कोटींवर होते. साडेपाच लाखांच्या भाषेने मुलांसाठी स्पर्धा घेतली, वेल्शमध्ये गाणं करून घेतलं, एका मुलीला मिन्स्कला पाठवलं, शेवटचा नंबर घेतला आणि पुढच्या वर्षी पुन्हा दुसरी मुलगी पाठवली. दुसऱ्या वर्षीही नंबर तळाजवळच होता. आयर्लंडची टीजी-फोर ही आयरिश भाषेची वाहिनी २०१५ पासून तेच करतेय. २०२२ साली त्यांची मुलगी चौथी आली. घरात इंग्रजी बोलणाऱ्या त्या आयरिश मुलांना वर्गातली आयरिश कंटाळवाणी वाटत असणार. पण तीन मिनिटांचं गाणं पाठ करायला मिळालं की भाषेबद्दल कुरकूर होत नाही.

मी हे भाचीला सांगत होते. तिला वेल्सच्या भाषाधोरणात रस नव्हता. तिला हवं होतं, 'आपलं' गाणं कुठल्या भाषेत असेल? प्रश्न सोपा नाही. घरी ती माझ्याशी मराठी बोलते, मैत्रिणींशी हिंदी, आणि मेट्रोत कुणी धक्का दिला तर इंग्रजी. साठ टक्क्यांचा नियम तिला लावला तर साठ कशाचे, यावर आमची पापड संपेपर्यंत चर्चा झाली. शेवटी ती म्हणाली, मेट्रोवर गाणं असेल तर राजीव चौकपर्यंत मराठी आणि पुढे हिंदी. संगीतकारांनी याचा विचार करावा. डबे बदलल्यासारखी लय बदलता येईल.

तेव्हा भारताने ज्युनियर युरोव्हिजनमध्ये उतरावं अशी माझी मागणी नाही. डेन्मार्कने सोडलेल्या गाडीत आपण चढायची घाई कशाला. मागणी लहान आहे आणि याच रस्त्यावर पुरी होण्यासारखी आहे. सदनात सभागृह आहे. पहाडगंजच्या नूतन मराठी विद्यालयात मुलं आहेत. ती शाळा १९२९ पासून दिल्लीत मराठी शिकवतेय. त्याशिवाय नोएडा-गुडगावात आईबापांच्या नोकरीमागे आलेली आहेतच. वर्षातून एकदा त्यांना बोलवावं. अट एकच: गाणं तुमचं, नवं, तीन मिनिटांच्या आत. सिनेमातलं नको, नाट्यपद नको, आजीचं आवडतंही नको. मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी चालेल, मध्ये हिंदीचे चार शब्द घुसले तरी चालेल. सुरुवातीला प्रत्येकाला बारा गुण. युरोपातही काही वर्षं मुलांच्या ज्यूरीचं मत धरलं जाई; इथे ज्यूरी पूर्ण मुलांचीच असावी.

आईबापांना मागच्या रांगेत बसवावं आणि मोबाइल बाहेर ठेवायला लावावेत. माझी भाची भाग घेणार असल्याने मला परीक्षक म्हणून बोलावू नये. तसंही तिने त्या दिवशी जॉर्जिया, पोलंड आणि माल्टा या तिघांना मत दिलं, पोलंडला फ्रॉकसाठी, आणि माझं मत विचारलं नाही.