गौरव झाला, न्याय केव्हा?

सन 2022 च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील सुमारे दहा लाख आशा सेविकांचा गौरव केला, तेव्हा सर्व देशास धन्यता वाटली. परंतु पुढच्याच वर्षी महाराष्ट्रातील याच सेविकांस मोबदल्यासाठी काम बंद ठेवून रस्त्यावर यावे लागले. एकीकडे सत्कार व दुसरीकडे संप, या विसंगतीचा विचार आमच्या शहरवासी वाचकांनी अवश्य केला पाहिजे.

आशा योजना 2005 साली खेड्यांकरिता निघाली व 2013 पासून शहरांतील गरीब वस्त्यांसही ती लागू झाली. गरोदर स्त्रियांची नोंद ठेवणे, लस टोचण्याच्या दिवशी घरोघर जाऊन आयांस बोलावून आणणे, क्षयरोग्याचे औषध मध्येच सुटू न देणे, ही त्यांची कामे. दवाखान्यात जन्मलेले मूल घरी आले की त्यास पाहण्यासाठी तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा वेळा जावयाचे असते. या भेटींमागे केवळ सद्भाव नाही, शास्त्र आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या खेड्यांत गावच्याच स्त्रियांस शिकवून नवजात बालकांचे मृत्यू निम्म्याहून कमी करून दाखविले, व 1999 साली ‘लॅन्सेट’ने तो वृत्तांत प्रसिद्ध केला.

याच्या उलट प्रकारही पुण्याने पाहिला आहे. 1897 च्या प्लेगात रोगी हुडकण्यासाठी गोरे सोजीर घरांत शिरले. परिणाम हा झाला की, लोक रोगापेक्षा तपासणीसच अधिक भिऊ लागले व रोगी लपवू लागले. त्याच साथीत सावित्रीबाई फुले रोग्यांची शुश्रूषा करता करता स्वतः प्लेगास बळी पडल्या. जुलमाने बंद झालेले दार विश्वासानेच उघडते, हा त्यातील बोध होय. आणि तो विश्वास आज शेजारची आशाताई मिळवीत आहे.

मग सरकार तिला काय म्हणते? ‘स्वयंसेविका’! कायद्याचे साधे तत्त्व असे की, संबंधास नाव कोणते दिले हे न पाहता तो वस्तुतः कसा आहे हे पाहावे. काम सरकारने नेमावे, नोंदवह्या सरकारने तपासाव्या, कामाचा दर सरकारने बांधावा, आणि हक्काचा प्रश्न निघताच मात्र तिला स्वयंसेविका ठरवावे, हा कोणता न्याय? या सेविकांस कामगार मानून किमान वेतन द्यावे, अशी शिफारस 2013 साली भारतीय श्रम परिषदेने केली. त्यास एक तप लोटले. मानधन मधून मधून वाढले, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु मानधन ही मर्जी आहे, वेतन हा हक्क आहे.

पगार मिळू लागला म्हणजे शेजारधर्म आटेल, असे कोणी म्हणतात. शिक्षक पगार घेतो म्हणून विद्यादान थांबले काय? खजिन्यावर भार पडेल, हा आक्षेप मात्र खरा आहे. परंतु नावेची बाजू तेवढी वाचून जमेची बाजू झाकणाऱ्या मुनिमास आमचे व्यापारी बंधू एक दिवसही पेढीवर ठेवणार नाहीत. टळलेला रोग व वाचलेले मूल ही जमा कोणत्या खात्यात धरावयाची, हे सरकारने सांगावे.

नागरिकांचेही कर्तव्य आहे. आशाताई दारी आली असता तिला उंबरठ्यावर ताटकळत ठेवू नये, आणि मते मागावयास येणाऱ्या प्रत्येक उमेदवारास विचारावे: हिच्या वेतनाचे तुम्ही काय करणार? या प्रश्नास स्पष्ट उत्तर मिळेपर्यंत तो विचारीत राहणे जरूर आहे.